जुनी छायाचित्रे, स्लाइड आणि निगेटिव्ह : स्कॅनर कसा निवडावा?

बीड-परळी रस्त्यावरील वडवणीसारख्या तालुक्याच्या गावांतून शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर येथे स्थायिक झालेली असंख्य कुटुंबे आहेत. त्यांच्या गावाकडच्या घरी माळ्यावर एखादी लोखंडी ट्रंक हमखास असते. जुन्या सातबाऱ्यांच्या आणि लग्नपत्रिकांच्या खाली त्या ट्रंकेत छायाचित्रांची पाकिटे दडलेली असतात. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील आजोबांचे एखादेच छायाचित्र कुटुंबात उरलेले असते. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणामुळे ज्यांचे गावठाण पाण्याखाली गेले, त्यांच्यासाठी तर जुन्या वाड्याचा किंवा देवळासमोरच्या पाराचा फोटो हाच त्या जागेचा उरलेला पुरावा.

हा ठेवा संगणकावर उतरवून घ्यावा, असे प्रत्येकालाच वाटते. घरातील कोणीतरी स्कॅनर आणण्याचे मनावर घेतो, दुकानात जातो आणि खोक्यावर छापलेला सर्वांत मोठा आकडा पाहून यंत्र घरी आणतो. मग लक्षात येते की, त्यावर निगेटिव्ह स्कॅनच होत नाही. किंवा होते, पण आपल्याकडची नाही. म्हणून स्कॅनरची निवड दुकानात नव्हे, तर ट्रंकेपाशी सुरू व्हायला हवी. आपल्याकडे नेमके काय आहे, हे एकदा कळले की यंत्राची निवड पुष्कळशी आपोआप होते.

आधी मोजदाद, मग खरेदी

एक मोजपट्टी घ्यावी आणि ट्रंकेतील ऐवजाचे चार गट करावेत : कागदावरील प्रिंट, पट्टीच्या स्वरूपातील निगेटिव्ह, चौकटीत बसवलेल्या स्लाइड आणि काचेच्या किंवा जाड सुट्या फिल्मच्या निगेटिव्ह. प्रत्येक गटातील संख्या आणि आकार कागदावर लिहावा.

यात निगेटिव्हचा आकार सर्वांत महत्त्वाचा. दोन्ही कडांना भोके असलेली, ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्यावरील एका चित्राचा आकार २४ × ३६ मिलिमीटर असतो. परंतु १९६० ते १९८० या दशकांत आपल्याकडील अनेक घरांत आणि छोट्या स्टुडिओंत १२० क्रमांकाचा रोल वापरला जाई. आग्फा क्लिक-थ्री हा त्या काळचा लोकप्रिय कॅमेरा याच रोलवर बारा चौकोनी फोटो काढत असे. ही फिल्म सुमारे सहा सेंटिमीटर रुंद असते आणि तिला भोके नसतात. चित्राचा चौकोन साधारण ५६ × ५६ मिलिमीटरचा भरतो. उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' ही कृष्णधवल फिल्मही अनेक पाकिटांत आढळेल. मराठवाड्यातील जुन्या ट्रंकेत ३५ मिलिमीटरपेक्षा ही रुंद निगेटिव्हच अधिक निघाली, तर नवल नाही.

काचेच्या निगेटिव्ह त्याहून जुन्या. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. तितका मोठा नसला, तरी एखाद्या जुन्या स्टुडिओचा असा संग्रह तालुक्याच्या गावीही सापडू शकतो.

प्रिंटसाठी : सीआयएस की सीसीडी?

फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर कागद ठेवून वापरायचे स्कॅनर दोन जातींचे असतात. सीआयएस जातीत संवेदकांची पट्टी काचेच्या अगदी लगत फिरते. असा स्कॅनर पातळ, हलका आणि स्वस्त असतो. कॅननचे लाइड ३०० आणि लाइड ४०० किंवा एप्सनचा व्ही ३९ हे या जातीचे. त्यांना वेगळी वीजजोडणीही लागत नाही. लॅपटॉपच्या यूएसबी तारेवर ते चालतात. मात्र काचेला तंतोतंत चिकटलेली वस्तूच त्यांना स्पष्ट दिसते. कागद एखाद-दोन मिलिमीटर उचलला गेला, तरी तेवढा भाग पुसट येतो.

सीसीडी जातीत आरसे आणि भिंग यांच्या साहाय्याने प्रतिमा संवेदकावर पाडली जाते. हे यंत्र जाड आणि जड असते. पण काचेपासून काही मिलिमीटर वर असलेली वस्तूही ते बऱ्यापैकी स्पष्ट टिपते. जुन्या स्टुडिओंतील जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले आणि काळाच्या ओघात बाक आलेले फोटो, काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपऱ्यांनी बसवलेली चित्रे, भिंतीवरच्या तसबिरीत काचेलाच चिकटून बसलेला फोटो, या साऱ्यांसाठी सीसीडी स्कॅनर हवा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. प्रतिमेचा थर काचेवरच राहतो. तो काचेसकटच स्कॅन करावा.

ट्रंकेत केवळ सुटे, सपाट प्रिंट असतील आणि निगेटिव्ह एकही नसेल, तर मात्र साधा सीआयएस स्कॅनर पुरेसा आहे. त्याहून महागड्या यंत्राने प्रिंटमध्ये मुळात नसलेला तपशील येणार नाही.

निगेटिव्हसाठी : झाकणातला दिवा आणि त्याची रुंदी

प्रिंट उजेड परावर्तित करते. निगेटिव्ह आणि स्लाइड यांमधून उजेड आरपार जावा लागतो. म्हणून त्यांच्यासाठी स्कॅनरच्या झाकणात दुसरा दिवा आवश्यक असतो. वर उल्लेखलेल्या तिन्ही सीआयएस स्कॅनरमध्ये तो नाही. त्यांपैकी काहींच्या माहितीपत्रकात ४८०० डीपीआय लिहिलेले असले, तरी निगेटिव्हसाठी त्यांचा उपयोग शून्य.

झाकणात दिवा आहे, एवढ्यावरही समाधान मानू नये. तो किती रुंद आहे, ते पाहावे. काही स्कॅनरमधील दिवा ३५ मिलिमीटरच्या पट्टीपुरताच असतो. एप्सनचा व्ही ३७० हा त्यांपैकी एक. त्यावर १२० रोलची निगेटिव्ह ठेवल्यास चित्राचा मधला पट्टाच काय तो मिळेल. एप्सनचा २००९ मध्ये आलेला व्ही ६०० ही १२० ची रुंदी सामावून घेतो. त्याच्या होल्डरमध्ये ३५ मिलिमीटरची बारा चित्रे किंवा चार स्लाइड एकावेळी बसतात. मात्र काचेच्या 'हाफ प्लेट'ला, म्हणजे सुमारे १२ × १६.५ सेंटिमीटरच्या निगेटिव्हला तोही अपुरा पडतो. तिच्यासाठी २०१४ मध्ये आलेल्या व्ही ८५० प्रोसारखा, ८ × १० इंचांपर्यंतची पारदर्शक वस्तू घेणारा स्कॅनर लागतो. त्यावर ३५ मिलिमीटरची अठरा चित्रे किंवा बारा स्लाइड एकदम लावता येतात.

डीपीआयचा मोह

खोक्यावर ६४०० किंवा ९६०० डीपीआय असे आकडे असतात. एक इंचात यंत्र किती ठिपके मोजते, एवढेच ते सांगतात. त्यांतील किती ठिपक्यांत खरा तपशील आहे, हे सांगत नाहीत. १९५१ साली अमेरिकी हवाई दलाने ठरवलेली बारीक रेषांची पट्टी स्कॅन करून खरी क्षमता मोजता येते. अशा स्वतंत्र चाचण्यांत ६४०० चा दावा करणारा व्ही ६०० सुमारे १५०० पर्यंत, तर व्ही ८५० साधारण २३०० पर्यंत पोहोचतो. प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्म मालिकेतील बहुतेक यंत्रांसारखे, केवळ ३५ मिलिमीटरसाठी बनवलेले फिल्म स्कॅनर तीन हजारांच्या पुढे जातात. पण त्यांच्यावर प्रिंट ठेवता येत नाही आणि १२० ची निगेटिव्हही बसत नाही.

हा फरक व्यवहारात किती जाणवतो? थोडे गणित करून पाहू. ३५ मिलिमीटरचे एक चित्र २४०० डीपीआयला स्कॅन केल्यास सुमारे ३४०० × २२७० ठिपके, म्हणजे ७७ लाख ठिपके मिळतात. ३०० डीपीआयला छापल्यास त्यातून ११ × ७.५ इंचांची प्रिंट निघते. १२० रोलचा ५६ मिलिमीटरचा चौकोन त्याच २४०० डीपीआयला सुमारे ५३०० × ५३०० ठिपके, म्हणजे दोन कोटी ८० लाख ठिपके देतो. स्कॅनरची खरी क्षमता १५०० इतकीच असली, तरी या मोठ्या चौकोनातून भिंतीवर लावण्याजोगे चित्र सहज मिळते. तात्पर्य असे की, ज्यांच्याकडे १२० च्या निगेटिव्ह आहेत, त्यांना मध्यम किमतीचा फ्लॅटबेड पुरेसा आहे. ज्यांच्याकडे मुख्यतः ३५ मिलिमीटरच्या स्लाइड आणि पट्ट्या आहेत, त्यांनाच फ्लॅटबेडची मर्यादा जाणवेल; त्यांनी स्वतंत्र फिल्म स्कॅनरचा विचार करावा.

प्रिंटसाठी ६०० डीपीआय पुरे. ९ × १२ सेंटिमीटरचा फोटो तेवढ्यात साठ लाख ठिपके देतो. अपवाद पासपोर्ट आकाराच्या किंवा समूहातील लहान चेहऱ्यांच्या फोटोंचा. आजीचा एकमेव फोटो साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा असेल, तर तो १२०० ला स्कॅन करावा.

घनतेचा आकडा

माहितीपत्रकात 'डीमॅक्स' नावाचा एक आकडा असतो. फिल्मच्या किती गडद भागातून यंत्र तपशील ओढू शकते, याचे ते माप. घनता ३ म्हणजे पडलेल्या उजेडाचा हजारावा भाग आरपार जातो; ४ म्हणजे दहाहजारावा. व्ही ६०० साठी हा आकडा ३.४, तर व्ही ८५० साठी ४.० दिलेला आहे. हे उत्पादकाचे दावे असल्याने ते तुलनेपुरतेच घ्यावेत. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये एवढी घनता क्वचितच असते, त्यामुळे तिच्यासाठी या आकड्याची फिकीर करण्याचे कारण नाही. स्लाइडमधील गडद सावल्या मात्र ३.५ च्याही पुढे जातात. परदेशी राहिलेल्या काकांनी पाठवलेल्या किंवा महाविद्यालयात शिकवण्यासाठी काढलेल्या स्लाइडचे डबे घरात असतील, तर हा आकडा पाहूनच यंत्र घ्यावे.

धूळ पुसणारे किरण

निगेटिव्हवरील धूळ आणि ओरखडे हा स्कॅन करणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू. यावर 'डिजिटल आइस' नावाचा उपाय काही स्कॅनरमध्ये असतो. त्यात साध्या उजेडाबरोबर अवरक्त किरणही फिल्ममधून सोडले जातात. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्यांतून हे किरण अडथळ्याविना जातात, धुळीपाशी मात्र अडतात. त्यामुळे धूळ कोठे आहे ते संगणकाला कळते आणि तेवढी जागा आसपासच्या रंगाने भरली जाते.

परंतु पारंपरिक कृष्णधवल फिल्ममध्ये प्रतिमाच चांदीच्या कणांची असते आणि चांदी अवरक्त किरण अडवते. म्हणजे यंत्राला चित्र आणि धूळ यांतील फरक कळत नाही आणि चेहराच विद्रूप होतो. कोडॅक्रोम स्लाइडच्या बाबतीतही हा उपाय बेभरवशाचा आहे. तेव्हा ट्रंकेत कृष्णधवल निगेटिव्ह असतील, तर या सोयीसाठी जादा पैसे मोजू नयेत आणि ती यंत्रात असली, तर बंद ठेवावी. तेथे मऊ ब्रश आणि हवेचा रबरी फुगा हेच खरे साधन. रंगीत निगेटिव्ह शेकड्यांनी असतील, तर मात्र ही सोय तासन् तास वाचवते.

नवा की वापरलेला?

डिजिटल कॅमेरे आल्यानंतर या यंत्रांची बाजारपेठ आक्रसत गेली. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये छायाचित्रणाचा व्यवसाय सोडला, निकॉनने कूलस्कॅन मालिका थांबवली आणि कॅननचा ९००० एफ मार्क टू हा चांगला फ्लॅटबेडही बंद झाला. त्यामुळे अनेकदा वापरलेले यंत्र घेण्याची वेळ येते. ते घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, फिल्मचे होल्डर सोबत आहेत का. ते नसतील, तर फिल्म नेमक्या उंचीवर आणि सपाट बसत नाही. दुसरी, झाकणातील दिवा लागतो का आणि त्याचा उजेड सर्वत्र सारखा आहे का. काचेवर काहीही न ठेवता पारदर्शक प्रकारात एक स्कॅन केल्यास पट्टे किंवा डाग लगेच दिसतात. तिसरी, काचेच्या आतल्या बाजूने धुरकट थर आला आहे का. चौथी, वाहतुकीसाठी असलेली कुलूपकळ उघडली आहे का. आणि पाचवी, आपल्या संगणकावर ते चालेल का. जुने कूलस्कॅन वेगळ्या जोडणीचे असू शकतात. उत्पादकाने आज्ञावली देणे थांबवले असल्यास व्ह्यूस्कॅनसारखी स्वतंत्र आज्ञावली अनेक जुनी यंत्रे चालवते. खरेदीआधी तिच्या यादीत आपल्या यंत्राचे नाव तपासावे.

संख्या फार मोठी असेल, तर वेळेचाही हिशेब करावा. एका चित्राला मांडणी, धूळ झटकणे आणि स्कॅन धरून तीन मिनिटे लागली, तर एक हजार चित्रांना पन्नास तास लागतात. अशा वेळी दोन-तीन भावंडांनी मिळून एक चांगले यंत्र घेणे आणि काम संपल्यावर ते पुढच्या नातेवाइकाकडे देणे शहाणपणाचे. निवडक पाच-पंचवीस निगेटिव्हच असतील, तर यंत्र न घेता व्यावसायिकाकडून काम करून घेणे स्वस्त पडते. मात्र मूळ वस्तू मोजून द्याव्यात आणि मोजून घ्याव्यात.

गावी एक, शहरात दुसरे

सारेच काम एका यंत्रावर करण्याचा अट्टहास नको. भिंतीवरच्या तसबिरी आणि शेजारच्या, भावकीच्या घरातील फोटो गावाबाहेर नेऊ दिले जात नाहीत, आणि ते योग्यही आहे. त्यासाठी लॅपटॉपच्या तारेवर चालणारा हलका सीआयएस स्कॅनर गावी न्यावा. वीज गेली तरी काम अडत नाही. तसबिरीतून फोटो काढता येत नसेल, तर त्याचे कॅमेऱ्याने, खिडकीच्या तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे. निगेटिव्हचा डबा मात्र शहरात आणून व्ही ६०० सारख्या चार किलोंच्या यंत्रावर सावकाश काम करावे.

उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जाणाऱ्या गावात पत्र्याखालची ट्रंक हे फिल्मसाठी वाईट ठिकाण. उष्णतेने रंग उडतात, पावसाळी दमटपणाने बुरशी धरते. डबा उघडताच आंबट, व्हिनेगरसारखा वास आला, तर ॲसिटेट फिल्म विघटित होऊ लागली आहे असे समजावे; त्या निगेटिव्ह वेगळ्या काढून सर्वप्रथम स्कॅन कराव्यात. १९५० पूर्वीच्या काही फिल्म नायट्रेटच्या असतात आणि त्या अतिज्वलनशील असतात. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म नष्ट झाल्या होत्या. अशी शंका आल्यास ती फिल्म घरात इतरांसोबत ठेवू नये; जाणकारांचा सल्ला घ्यावा.

स्कॅन करताना

निगेटिव्ह कडांनीच धरावी. पाणी किंवा ओले फडके लावू नये. काचेला फिल्म चिकटली, तर इंद्रधनुषी वर्तुळे उमटतात, म्हणून होल्डर वापरावाच. कृष्णधवल आणि पिवळट पडलेल्या प्रिंटही रंगीत प्रकारातच स्कॅन कराव्यात, म्हणजे डाग आणि पिवळेपणा पुढे वेगळा काढता येतो. कृष्णधवल निगेटिव्हसाठी १६ बिट करडी छटा निवडावी. रेखीवपणा वाढवणाऱ्या आणि रंग आपोआप सुधारणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात. सुधारणा नंतर प्रतीवर करता येते.

मूळ फाइल टिफ स्वरूपात ठेवावी आणि नातेवाइकांना पाठवण्यासाठी तिची जेपेग प्रत काढावी. १२० ची एक रंगीत निगेटिव्ह २४०० डीपीआयला साधारण ८४ मेगाबाइट जागा घेते. म्हणून स्वतंत्र हार्ड डिस्क आधीच घ्यावी. एक प्रत घरी, दुसरी दुसऱ्या गावी, ही किमान काळजी.

फाइलच्या नावात आडनाव, गाव, अंदाजे साल आणि क्रमांक असावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्कॅन केलेले चित्र पडद्यावर मोठे करून घरातील वडीलधाऱ्यांना दाखवावे आणि कोण कोण आहे ते विचारून लिहून ठेवावे. कागदावर नखाएवढा दिसणारा चेहरा पडद्यावर ओळखू येतो. हे काम कोणत्याही स्कॅनरला जमणारे नाही, आणि ते पुढे ढकलण्याजोगेही नाही.

शेवटची सूचना निगेटिव्हच्या भवितव्याची. स्कॅन झाले, आता निगेटिव्हचे काय काम, असे म्हणून ती टाकून दिली जाते. कितीतरी स्टुडिओंच्या निगेटिव्ह चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या आणि त्यांच्याबरोबर गावांचा चेहराही गेला. स्कॅन ही प्रत आहे. मूळ दस्तऐवज निगेटिव्हच. आजच्या यंत्राला तिच्यातील जे दिसले नाही, ते उद्याच्या यंत्राला दिसू शकेल. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या आणि थंड कपाटात तिला जागा द्यावी. ट्रंक मात्र पुन्हा पत्र्याखाली ठेवू नये.